दोन बांगड्या, चौदा चिंचोके



दहावीच्या मुलामुलींना विज्ञानात काय अवघड जाते म्हणून विचारावे, तर पुष्कळ जण एकच उत्तर देतात : "ती ठिपक्यांची आणि फुल्यांची आकृती." वर्तुळात वर्तुळ अडकवलेले, मध्ये दोन-चार ठिपके आणि फुल्या, खाली नाव लिहिलेले 'सहसंयुज बंध'. मुले ती आकृती पाठ करतात. पाण्याची पाठ झालेली असते. पण परीक्षेत पाण्याऐवजी अमोनियाची विचारली की पेन जागच्या जागी थांबते. गुण तर जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे मुलाच्या मनात एक वाक्य घर करून बसते, "विज्ञान आपल्यासाठी नाही." आणि अकरावीला प्रवेश घेताना ते वाक्यच निर्णय घेते.

कला शाखा किंवा वाणिज्य शाखा आवडीने घेणे निराळे. पण चार ठिपक्यांना भिऊन एखाद्या मुलीने प्रयोगशाळेकडे पाठ फिरवावी, हे आम्हाला मान्य नाही. आपल्या घरांत आई शेतावर खुडणीला किंवा धुण्याभांड्याला जाते, वडील हमालीला किंवा कारखान्यात जातात. शिकवणीची फी परवडत नाही आणि घरात विचारावे तर कुणी सांगणारे नाही. म्हणून या खेपेस आम्ही हा एकच धडा घेतला आहे, आणि तो मुलांइतकाच आईवडिलांसाठी लिहिला आहे. तो समजायला दोन बांगड्या आणि मूठभर चिंचोके पुरतात.

आणखी एक गोष्ट. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना या धड्याचे कारण दूर शोधायला नको. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जी प्रचंड दुर्बीण उभी आहे, तिच्या एका मुख्य कामाचा संबंध याच धड्यातल्या पहिल्या उदाहरणाशी आहे. तिथे आपण पुढे येऊच. आधी चिंचोके.

अणूचा बाहेरचा घेर

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला आहे. अणूच्या मधोमध धनभार असलेले केंद्रक असते आणि त्याच्या भोवती ऋणभार असलेले इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन एकामागोमाग एक अशा कवचांत मांडलेले असतात. आतल्या कवचांचे आपल्याला आज काम नाही. अणू दुसऱ्या अणूशी जोडला जातो तो सगळ्यात बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांमुळे. त्यांना पुस्तकात 'संयुजा इलेक्ट्रॉन' म्हटले आहे.

हेलियम, निऑन, अरगॉन हे वायू कुणाशी सहसा जोडले जात नाहीत. निऑन आणि अरगॉनच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन आहेत. हेलियमचे कवचच लहान, तिथे दोनच मावतात आणि दोन आहेत. म्हणजे ही भरलेली घरे. बाकीच्या बहुतेक अणूंच्या घरात काही ना काही उणे असते. क्लोरीनकडे सात, ऑक्सिजनकडे सहा, नायट्रोजनकडे पाच, कार्बनकडे चार, हायड्रोजनकडे एक. आठ भरण्याला 'अष्टक' म्हणतात आणि हायड्रोजनसारख्याला दोनच लागतात, त्याला 'द्विक'.

हे पाच आकडे (सात, सहा, पाच, चार, एक) मुलांनी तोंडपाठ करावेत. या धड्यात पाठ करण्यासारखे एवढेच आहे. पुढचे सगळे हिशोबाने येते.

चिंचोक्यांचा हिशोब

आता दोन बांगड्या घ्या. एक बांगडी म्हणजे एका क्लोरीन अणूचे बाहेरचे कवच. प्रत्येक बांगडीत सात चिंचोके ठेवा. दोघींना आठ हवेत आणि दोघींकडे एकेक कमी आहे. एकीने दुसरीला चिंचोका दिला, तर घेणारीचे आठ होतील, पण देणारीचे सहा राहतील. मग करायचे काय?

दोन्ही बांगड्या एकमेकींवर थोड्या सरकवा, म्हणजे मध्ये डोळ्याच्या आकाराची एक जागा तयार होईल. ती जागा दोन्ही बांगड्यांच्या आत आहे. दोघींनी आपापला एकेक चिंचोका त्या जागेत ठेवावा. आता डावी बांगडी मोजा : स्वतःचे सहा आणि मधले दोन, आठ झाले. उजवी मोजा : सहा आणि मधले तेच दोन, आठ झाले. कुणी काही गमावले नाही.

इथेच बहुतेक मुले चुकतात. आठ आणि आठ सोळा झाले म्हणून आकृतीत सोळा ठिपके काढतात. पण चिंचोके मोजा, चौदाच आहेत. मधले दोन दोन्हीकडे मोजले गेले, एवढाच त्याचा अर्थ. दोन घरांमध्ये एक सामाईक विहीर असली तर दोन्ही घरे "आमच्याकडे विहीर आहे" असे म्हणतात, म्हणून विहिरी दोन होत नाहीत. तसेच हे.

त्या मधल्या सामाईक जोडीलाच सहसंयुज बंध म्हणतात. 'सह' म्हणजे मिळून, आणि 'संयुजा' म्हणजे अणूची जोडले जाण्याची क्षमता. शब्द मोठा आहे, अर्थ एवढाच.

आता याच रीतीने बाकीची उदाहरणे मांडून पाहावीत. हायड्रोजनच्या दोन बांगड्या, प्रत्येकीत एक चिंचोका. दोन्ही चिंचोके मध्ये येतात आणि दोघींचे दोन पुरे होतात. ऑक्सिजनच्या दोन बांगड्यांत सहा-सहा. प्रत्येकीला दोन कमी, म्हणून प्रत्येकीने दोन मध्ये ठेवायचे. मध्ये चार चिंचोके म्हणजे दोन जोड्या, म्हणून 'दुहेरी बंध'. नायट्रोजनकडे पाच-पाच, तीन-तीन मध्ये ठेवले की मध्ये सहा, म्हणजे तीन जोड्या. हा 'तिहेरी बंध'.

पाण्यासाठी तीन बांगड्या घ्या : मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन. ऑक्सिजनचे सहा आणि हायड्रोजनचे एकेक, एकूण आठच चिंचोके. दोन्ही सांध्यांवर एकेक जोडी, आणि ऑक्सिजनचे उरलेले चार त्याच्याच घरात. अमोनियात नायट्रोजनचे पाच आणि तीन हायड्रोजनचे तीन. मिथेनमध्ये कार्बनचे चार आणि चार हायड्रोजनचे चार. ज्या मुलाने क्लोरीन स्वतःच्या हाताने मांडला, त्याला अमोनिया पाठ करावा लागत नाही. तो मांडून पाहतो आणि काढतो.

मिठाची गोष्ट वेगळी

मुले सहसंयुज बंध आणि आयनिक बंध यांची गल्लत करतात. आयनिक बंधात भागीदारी नसते, सरळ देणेघेणे असते. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन. तो एक देऊन टाकला की त्याच्या आतले भरलेले कवच बाहेरचे होते. क्लोरीनला एकच हवा असतो. सोडियम देतो, क्लोरीन घेतो. देणाऱ्यावर धनभार येतो, घेणाऱ्यावर ऋणभार, आणि विरुद्ध भार एकमेकांना धरून ठेवतात. हे झाले आपले मीठ. बांगड्या इथे एकमेकींवर सरकवायच्या नाहीत, शेजारी शेजारी ठेवायच्या.

साखरेचे तसे नाही. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर या सहकारी कारखान्यांतून जी साखर बाहेर पडते, तिच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ असे ४५ अणू असतात, आणि ते सगळे एकमेकांना सहसंयुज बंधांनीच जोडलेले असतात.

मीठ आणि साखर दिसायला दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी. पण फरक ओळखता येतो. शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली नऊ व्होल्टची लहान बॅटरी, एक बारका एलईडी दिवा आणि पेन्सिलीची दोन शिसे घेऊन पाहावे. मिठाच्या पाण्यातून वीज जाते आणि दिवा लागतो. साखरेच्या पाण्यात तो लागत नाही. पाणी नळाचे असेल तर फार तर अंधूक लागेल. कारण मीठ विरघळले की भार असलेले आयन सुटे होऊन फिरतात. साखर विरघळली तरी तिचे रेणू अखंड राहतात आणि त्यांच्यावर भार नसतो. प्रयोग थोडाच वेळ आणि खिडकी उघडी ठेवून करावा, कारण मिठाच्या पाण्यातून थोडा क्लोरीन वायू निघतो. घरातल्या विजेच्या सॉकेटला मात्र चुकूनही हात लावू नये.

जोडी टिकते कशाने?

'अणूला आठ हवे असतात' असे आपण म्हटले. अणूला काही मन नसते. मग खरे कारण काय?

केंद्रक धनभाराचे, इलेक्ट्रॉन ऋणभाराचे. मधले दोन इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांच्या मधल्या जागेत अधिक काळ असतात. डावे केंद्रक त्यांना आपल्याकडे ओढते आणि उजवेही ओढते. दोघांचे लक्ष्य एकच असल्याने दोन्ही केंद्रके त्या जोडीपाशी बांधली जातात. पण ती फार जवळ आली तर दोन धनभार एकमेकांना ढकलतात. ओढ आणि ढकल यांचा जिथे मेळ बसतो तिथे अणू थांबतात. हायड्रोजनच्या जोडीत हे अंतर ७४ पिकोमीटर आहे. एका मिलिमीटरमध्ये असे अंतर सुमारे १ कोटी ३५ लाख वेळा मावेल.

एक सावधगिरी मुलांना सांगितली पाहिजे. चिंचोका एका जागी बसून राहतो, इलेक्ट्रॉन तसा बसत नाही. तो त्या जागेत ढगासारखा पसरलेला असतो. बांगड्या-चिंचोके हा हिशोब ठेवण्याचा मार्ग आहे, अणूचा फोटो नव्हे.

हा हिशोब ज्याने जगाला दिला तो गिल्बर्ट लुईस हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. १९०२ साली विद्यार्थ्यांना शिकवताना त्याने अणूंची चित्रे वहीत काढून पाहिली होती. १९१६ साली त्याने लेख लिहून मांडले की दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवून बांधले जातात. ठिपक्यांची रीत त्याचीच. १९१९ साली अर्विंग लँगम्यूर याने त्या कल्पनेला इंग्रजी नाव दिले आणि १९२७ साली हाइटलर व लंडन या दोघांनी हायड्रोजनची जोडी का टिकते ते गणिताने दाखवले. लुईसचे नाव नोबेल पारितोषिकासाठी अनेकदा सुचवले गेले, पण ते त्याला कधी मिळाले नाही. आज मात्र जगातल्या प्रत्येक शाळेत मुले त्याचेच ठिपके काढतात. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांना समजावे म्हणून काढलेल्या चित्रातून हा विचार वाढला, हे आमच्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा की बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. हे उलटे आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते आणि बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते. २ ग्रॅम हायड्रोजनमधल्या सगळ्या जोड्या तोडायला सुमारे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्या उष्णतेत सुमारे सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. मग गॅसच्या शेगडीला उष्णता कुठून मिळते? काडी लावतो तेव्हा इंधनातले आणि ऑक्सिजनमधले काही बंध तुटतात, त्यासाठीच काडी लागते. नंतर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे नवे बंध जुळतात. तोडायला लागली त्याहून जुळताना अधिक ऊर्जा निघते, आणि ती वरकड ऊर्जा आपली भाकरी भाजते.

जाता जाता घरासाठी एक गोष्ट. कोळसा किंवा लाकूड पुरेशा हवेत जळाले तर कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळतात. हवा कमी पडली तर एकच मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटीहून अधिक घट्ट धरते. म्हणून थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या बंद करून खोलीत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. एका अणूच्या फरकाने जीव जातो.

दुसरा गैरसमज असा की पाणी उकळले की त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा होतो. तसे होत नाही. वाफ झाकणावर बसली की तिचे पुन्हा पाणीच होते. उकळताना रेणू एकमेकांपासून दूर जातात. रेणूच्या आतला बंध जागच्या जागी राहतो. तो तोडायचा तर उकळण्याच्या वीस पटीहून अधिक ऊर्जा लागेल. साखर पाण्यात विरघळतानाही तिचे आतले बंध तुटत नाहीत. पण तीच साखर कढईत तांबूस होईपर्यंत तापवली तर मात्र बंध तुटतात आणि नवे पदार्थ होतात, म्हणून तिचा रंग, वास, चव बदलते.

तिसरा गैरसमज, सहसंयुज म्हणजे कमजोर. साखर लवकर वितळते, मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, यावरून मुले असे ठरवतात. पण साखरेत कमजोर असते ती एका रेणूची शेजारच्या रेणूवरची पकड. जिथे सुटे रेणू नसून सहसंयुज बंधांचे जाळेच सलग पसरलेले असते तिथे काय होते, ते हिऱ्यात पाहावे. तो सगळा कार्बनच. हिरा आपण पाहिला नसेल, पण लेण्याद्री आपण पाहिली आहे. तिथला बेसॉल्ट दगड सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळ्यावर उभा आहे आणि त्यांच्यातला बंध बऱ्याच अंशी सहसंयुज आहे. खडकात खोदलेल्या त्या पाण्याच्या टाक्या सुमारे दोन हजार वर्षे पावसाचे पाणी साठवत आल्या. मिठाचा डोंगर असता तर पहिल्या पावसाळ्यातच संपला असता.

युरियाच्या गोणीत काय विकत घेतो?

हवेत शंभरातले ७८ भाग नायट्रोजन आहे. पिकाला नायट्रोजन हवा असतो. मग सातगाव पठारावरच्या बटाट्याला किंवा ओतूरच्या कांद्याला युरियाची गोणी का लागते? कारण हवेतला नायट्रोजन जोडीने असतो आणि ती जोडी तिहेरी बंधाची असते. चिंचोक्यांत आपण पाहिले, मध्ये सहा. हायड्रोजनची जोडी तोडायला ४३६ लागले, ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाला ४९८, आणि नायट्रोजनच्या तिहेरी बंधाला ९४५ किलोज्यूल. झाडाच्या मुळाला हे झेपत नाही.

खताच्या कारखान्यात तो बंध तोडण्यासाठी लोखंडाचा उत्प्रेरक, सुमारे ४५० अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब वापरून अमोनिया करतात आणि अमोनियापासून युरिया. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नायट्रोजन असतो. म्हणजे शेतकरी पैसे मोजतो ते नायट्रोजनसाठी नव्हे, तो तर शेतावर फुकट वाहतो आहे; पैसे मोजतो ते तिहेरी बंध तोडण्याच्या कष्टासाठी. आणि हरभरा, भुईमूग, वाटाणा यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तेच काम साध्या जमिनीत, साध्या उष्णतेत करतात. हरभरा काढणाऱ्या आईने रोप उपटून ती गाठ मुलाला दाखवावी. पुस्तकातला तिहेरी बंध कुठे तुटतो ते त्याला दिसेल.

खोडदची दुर्बीण काय ऐकते?

आता खोडदकडे वळू. नारायणगावच्या पूर्वेला काही मैलांवर असलेल्या या दुर्बिणीला जीएमआरटी म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि २००१ साली देशाला अर्पण झाली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन हातांवर दूरवर. या तबकड्या प्रकाश पाहत नाहीत, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात.

विश्वात सर्वांत अधिक आहे तो हायड्रोजन. तो दोन रूपांत आढळतो, एकटा अणू आणि जोडीचा रेणू. एकट्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही भोवऱ्यासारखी एक गिरकी असते, तिला स्पिन म्हणतात. कधी दोघांची गिरकी एका दिशेची असते, कधी उलट. एका दिशेची असलेली उलट होते तेव्हा तो अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. एखाद्या अणूच्या बाबतीत असे आपणहून व्हायला सरासरी एक कोटी वर्षे लागतात. पण आकाशगंगेत असे अणू इतके अगणित आहेत की ती लहर सतत येत राहते.

आता दोन अणूंनी सहसंयुज बंध जुळवला की काय होते? मधल्या सामाईक जोडीत दोन इलेक्ट्रॉनांच्या गिरक्या एकमेकींच्या उलट असाव्या लागतात आणि त्या एकमेकींना पुसून टाकतात. मग ती २१ सेंटिमीटरची लहर उरत नाही. खोडदच्या तबकडीला एकटा हायड्रोजन ऐकू येतो. जोडी झाली की तो गप्प होतो. तारे जन्मतात ते मुख्यतः जोडीच्या हायड्रोजनच्या थंड ढगांतून. म्हणून कोणत्या आकाशगंगेत एकटा हायड्रोजन किती शिल्लक आहे हे मोजले, की तिथे पुढे तारे जन्मायला किती साठा आहे याचा अंदाज येतो.

जानेवारी २०२३ मध्ये कॅनडाचे मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांतल्या खगोलशास्त्रज्ञांनी जाहीर केले की खोडदच्या दुर्बिणीने एका फार दूरच्या आकाशगंगेतल्या एकट्या हायड्रोजनची लहर टिपली. ती लहर निघाली तेव्हापासून सुमारे ८.८ अब्ज वर्षे लोटली होती. पृथ्वी तेव्हा जन्मलीही नव्हती. आठवीतली मुलगी दोन बांगड्यांत दोन चिंचोके मांडते, ते हेच. एक चिंचोका एका बांगडीत सुटा असेल तर खोडदला ऐकू येतो, दोन मध्ये आले की ऐकू येत नाही.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि गावोगावच्या शाळांची मुले आपले प्रयोग घेऊन तिथे जातात. हा दिवस चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या १९२८ सालच्या शोधाचा. रेणूवर पडलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो तो रेणूतले बंध थरथरत असतात म्हणून, आणि त्या बदलावरून बंध ओळखता येतो. म्हणजे तो दिवसही आपल्या धड्याचाच. शाळेतून सहल जात असेल तर मुलांना अवश्य पाठवावे. मुलींना तर नक्कीच पाठवावे. आणि जाताना एक प्रश्न लिहून द्यावा : "जोडीचा हायड्रोजन तुम्ही कसा शोधता?"

आईवडिलांनी विचारायचे तीन प्रश्न

स्वतः शाळेत न गेलेली आईसुद्धा हा धडा तपासू शकते. मुलाने आकृती काढली की तीन प्रश्न विचारावेत. मधले चिंचोके कुणाचे? एकूण चिंचोके किती? आणि प्रत्येक बांगडी स्वतःचे किती मोजते? क्लोरीनसाठी उत्तरे आहेत : दोघांचे, चौदा, आठ. ऑक्सिजनसाठी : दोघांचे, बारा, आठ. नायट्रोजनसाठी : दोघांचे, दहा, आठ. मुलगा न अडखळता सांगतो आहे ना, एवढे पाहावे. अडखळला तर रागावू नये, पुन्हा बांगड्या मांडायला लावाव्यात.

महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ साली आलेल्या पुस्तकांत आठवीला रासायनिक बंधाची ओळख होते आणि दहावीला कार्बनी संयुगांच्या धड्यात तोच बंध पुन्हा येतो. आठवीत कच्चे राहिले की दहावीत अडते. म्हणून आठवीच्या मुलांनी आत्ताच हा हिशोब पक्का करावा.

दहावीनंतरची अडचण शब्दांची असते. जुन्नर, ओतूर, मंचर येथे अकरावी विज्ञानाला गेले की सगळे इंग्रजीतून सुरू होते आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलाला वाटते, हे काही निराळेच आहे. निराळे काही नसते. सहसंयुज बंध म्हणजे कोव्हॅलंट बाँड. आयनिक बंध म्हणजे आयॉनिक बाँड. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, कवच म्हणजे शेल, केंद्रक म्हणजे न्यूक्लियस, अष्टक म्हणजे ऑक्टेट, रेणू म्हणजे मॉलिक्यूल, संयुग म्हणजे कंपाउंड, एकेरी, दुहेरी, तिहेरी बंध म्हणजे सिंगल, डबल, ट्रिपल बाँड. एवढे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. पहिल्या आठवड्यात जी मुले वर्ग सोडायच्या विचाराला येतात, त्यांच्यापैकी अनेकांना विषय येत असतो. फक्त त्याचे नवे नाव माहीत नसते.

या रविवारी घरात बांगड्या मांडाव्यात. पाणी, अमोनिया, मिथेन आणि नायट्रोजन ही चार उदाहरणे मुलाकडून करून घ्यावीत. आणि पाचवे आम्ही देतो : कार्बन डायऑक्साइड. मध्ये कार्बन चार घेऊन, दोन बाजूंना ऑक्सिजन सहा-सहा घेऊन. एकूण चिंचोके सोळा. दोन्ही सांध्यांवर प्रत्येकी किती ठेवले म्हणजे तिन्ही बांगड्यांचे आठ-आठ भरतील, ते आम्ही सांगत नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधावे.